चिरंजीवांची बंदूक

"आई, मला बर्थडेला गन हवीये."

सकाळी साडेसातची वेळ, एका हातात डब्याची पोळी, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली आणि कानावर हे वाक्य! अमेरिकेत राहणाऱ्या कुठल्याही आईला विचारा, पोटात काय होतं ते. माझी पोळी डब्याऐवजी सरळ सिंकमध्ये गेली.

"अगं खरी नाही! एअरसॉफ्ट! प्लास्टिकचे बीबी असतात!"

तर मंडळी, पुढे काय झालं त्याची ही गोष्ट. मिरजेची मावशी हे वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून तिला आधीच सांगून ठेवते. मावशी, पूर्ण वाचल्याशिवाय फोन करायचा नाही. :-)

ज्यांना एअरसॉफ्ट माहीत नाही (मला तरी कुठे माहीत होतं!) त्यांच्यासाठी थोडक्यात. हा एक खेळ आहे. दिसायला अगदी खऱ्यासारख्या बंदुका, पण आतून सुटतो तो सहा मिलिमीटरचा प्लास्टिकचा गोल छर्रा. भिजवलेल्या साबुदाण्याचा दाणा डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढाच आणि बऱ्याचदा तसाच पांढराशुभ्र. दोन संघ, एक मैदान, लपायला फळ्या आणि पिंपं. ज्याला छर्रा लागला तो बाद. मूळ खेळ जपानचा. तिथे खऱ्या बंदुका सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नाहीत, म्हणून हौशी लोकांनी १९७०-८० च्या दशकांत हा मार्ग काढला. पुढे १९९१ साली तोक्यो मारुई या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने बॅटरीवर चालणारी पहिली बंदूक काढली आणि मग हा खेळ जगभर पसरला.

म्हणजे ज्या देशात खऱ्या बंदुका मिळत नाहीत तिथे जन्मलेला खेळ, आणि आम्ही तो खेळणार कुठे, तर जिथे खऱ्या बंदुका पैशाला पासरी आहेत तिथे! सगळी भानगड या एका वाक्यात आहे, पण हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

माझं पहिलं उत्तर अर्थातच "नाही". "या घरात बंदूक येणार नाही" वगैरे डायलॉग मारून मी मोकळी झाले. पण रात्री भांडी लावताना एकदम आठवली ती आमची मिरजेची दिवाळी. दादाकडे लोखंडी पिस्तूल होतं, त्यात टिकल्यांचा लाल रोल घालून तो दिवसभर फाट् फाट् करत फिरायचा. मला पिस्तूल मिळायचं नाही ("मुलींनी काय करायचंय?"), म्हणून मी पायरीवर बसून एकेक टिकली दगडाने ठेचायची. तो जळका वास अजून नाकात आहे. आणि जत्रेतली फुगे फोडायची बंदूक? ती मधून मोडायची, छर्रा भरायचा, खटकन बंद करायची. वाकड्या नळीच्या त्या बंदुकीने मी एकदा सलग पाच फुगे फोडले होते आणि दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. :-)

म्हणजे आम्ही बंदुकीने खेळलेलं चालतं आणि लेकाने खेळायचं नाही, हे कसं काय? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तूच ठरव. तू प्रेशर कुकर घेतानासुद्धा दोन महिने अभ्यास करतेस, याचा पण कर."

टोमणा होता. पण मी केला अभ्यास.

तर पहिल्यांदाच ही बंदूक घेणाऱ्यांसाठी माझे फंडे ऐका. मुख्य प्रकार तीन. पहिली स्प्रिंगची. दर छर्ऱ्याला हाताने ओढायची, मग चाप दाबायचा. जत्रेतल्या बंदुकीची चुलत बहीण म्हणा ना. वीस-तीस डॉलरलाही मिळते आणि अंगणात डबे पाडायला उत्तम, पण मैदानावर समोरचा दहा छर्रे मारेपर्यंत आपला दुसरा तयार होत नाही. लेकरू हिरमुसून घरी येणार हे नक्की.

दुसरी गॅसची. चाप दाबला की मागचा भाग खऱ्यासारखा धडकन मागेपुढे होतो, म्हणून मुलांना ती फार आवडते. पण गॅस भरा, रबरी भागांना तेल द्या, आणि थंडी पडली की गॅसचा दाब उतरून बंदूक मरगळणार. शिवाय छर्ऱ्यांचं मॅगझिन आणि गॅसची टाकी एकच, त्यामुळे प्रत्येक जादा मॅगझिन महाग. पहिल्या बंदुकीसाठी हा संसार जरा जडच.

तिसरी बॅटरीची. आत छोटी मोटर, काही गिअर, एक पिस्टन आणि एक स्प्रिंग. चाप दाबला की मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढत स्प्रिंग दाबतात, दाते संपले की पिस्टन सुटतो आणि पुढची हवा छर्ऱ्याला बाहेर फेकते. थोडक्यात, आतला सायकलचा पंप मोटर मारते! नवशिक्यासाठी बहुतेक सगळे हीच सुचवतात. साधारण दीडशे-दोनशे डॉलरमध्ये बरी मिळते. बाहेरून प्लास्टिकची असली तरी चालते (उलट हलकी असते, तेरा वर्षांच्या खांद्याला तेच बरं), पण आतले गिअर धातूचे हवेत. आणि पहिल्याच वेळी दुर्बीण, टॉर्च, पट्टे असला साज चढवायचा नाही. सुनेला पहिल्याच दिवशी सगळे दागिने घालून स्वयंपाकाला लावण्यासारखं आहे ते.

आणखी एक शब्द सारखा भेटतो, एफपीएस, म्हणजे छर्रा सेकंदाला किती फूट जातो तो वेग. चिरंजीव अर्थातच सगळ्यात मोठा आकडा शोधत होते. पण बऱ्याच मैदानांवर मर्यादा असते. बंदिस्त जागेत साधारण ३५०, मोकळ्यावर साधारण ४००, तेही ०.२० ग्रॅमचा छर्रा घालून मोजलेले. मी गणित केलं. ३५० फूट म्हणजे ताशी ३८० किलोमीटरच्या पुढे. शोएब अख्तरच्या सगळ्यात वेगवान चेंडूच्या दुपटीहून जास्त! फक्त वजन तांदळाच्या आठ-दहा दाण्यांइतकं, म्हणून अंगावर नुसता लाल वळ उठतो. जपानात तर २००६ च्या कायद्यापासून मर्यादा याहूनही कमी आहे, आणि दहा वर्षांवरच्या मुलांसाठी अगदी कमी जोराच्या बंदुका वेगळ्या मिळतात. म्हणजे ज्यांनी हा खेळ काढला त्यांना जोराची हौस नाही. ती आपल्यालाच.

नेम जोराने लागतही नाही. नळीच्या मागच्या टोकाला वरच्या बाजूने एक रबराचा उंचवटा असतो, त्याला हॉप-अप म्हणतात. छर्रा त्याला घासून निघतो आणि उलटा गिरकी घेत जातो. टेबल टेनिसमध्ये चॉप मारल्यावर चेंडू कसा तरंगत येतो, तसाच हा छर्रा तरंगत लांब जातो. रबर कमी दाबलं तर लवकर खाली पडतो, जास्त दाबलं तर आकाशात. या एका चाकाशी अर्धा तास खेळलं तर स्वस्तातली बंदूकही शहाण्यासारखी वागते. आणि छर्रे मात्र चांगले घ्यायचे, गुळगुळीत आणि ०.२० किंवा ०.२५ ग्रॅमचे. ०.१२ चे हलके छर्रे वाऱ्याबरोबर भरकटतात, आणि खडबडीत स्वस्त माल आत अडकून बंदुकीचं वाटोळं करतो.

पण या सगळ्याच्या आधी, म्हणजे बंदुकीच्या कितीतरी आधी, घ्यायची वस्तू म्हणजे डोळ्यांचा चष्मा. अंगावर वळ उठवणारा तोच छर्रा डोळ्यात गेला तर आत रक्तस्राव होऊ शकतो, दृष्टी जाऊ शकते. साधा गॉगल चालत नाही. चेहऱ्याला चारही बाजूंनी घट्ट बसणारा आणि आघात सोसण्याची झेड ८७+ ही खूण असलेलाच लागतो. खाली तोंडावर जाळीचा मास्क, कारण छर्ऱ्याने पुढचे दात तुटतात. आमच्या इथल्या दातांच्या डॉक्टरची फी माहीत असणाऱ्यांना जास्त सांगायला नको.

इथपर्यंत सगळं कुकरसारखंच होतं हो. तुलना, किमती, झाकणाचं रबर. मी खुशीत होते. मग एके दिवशी चिरंजीवांनी स्क्रीन दाखवली. "आई, ही!"

काळी कुळकुळीत. सैनिकांच्या हातात बातम्यांमध्ये दिसते तश्शी. फक्त नळीच्या टोकाला नारिंगी तुकडा, चापाभोवतीची कडी भडक रंगाची आणि मुठीवर तसलाच चमकता पट्टा.

"हे कलर्स कॅलिफोर्नियाचा रूल आहे म्हणून देतात. घरी आल्यावर काढता येतात. सगळे काढतात. इट लुक्स सो डम्ब."

त्या वेळी मी फक्त "बघू" म्हटलं. रात्री तो नियम शोधून वाचला, आणि मग झोप लागली नाही.

नारिंगी टोक हा सगळ्या देशाचा नियम आहे. पण कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासून ते जादा रंग आले, आणि ज्या घटनांमुळे आले त्यातली एक आमच्या घरापासून गाडीने दीड-दोन तासांवर घडलेली. सांता रोझामध्ये २२ ऑक्टोबर २०१३ ला अँडी लोपेझ नावाचा मुलगा दुपारी रस्त्याने चालला होता. हातात मित्राची एअरसॉफ्ट बंदूक, एके-४७ सारखी दिसणारी. तिचं नारिंगी टोक गेलेलं होतं. गस्तीवरच्या पोलिसाला ती खरी वाटली. मुलगा वळला आणि पोलिसाने गोळ्या झाडल्या. अँडी जागीच गेला. वय तेरा वर्षं.

पुढच्याच वर्षी, २२ नोव्हेंबर २०१४ ला, क्लीव्हलँडमध्ये तामिर राइस. बागेत एअरसॉफ्टचं पिस्तूल घेऊन खेळत होता, त्यालाही नारिंगी टोक नव्हतं. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय बारा.

एक मुलगा मेक्सिकन घरातला, दुसरा कृष्णवर्णीय. आमच्या लेकाचा रंग उन्हाळ्यात पोहून पोहून कसा होतो ते तुम्ही फोटोंत बघितलंच आहे. आजी त्याला लाडाने 'माझा विठोबा' म्हणते.

या वयाच्या मुलांशी महत्त्वाचं बोलणं गाडीतच होतं असा माझा अनुभव आहे. दोघांचीही नजर रस्त्यावर असते ना. त्याला पोहण्याच्या क्लासला नेताना मी हे सगळं सांगितलं. घाबरवायचं नव्हतं, पण गुळमुळीतही बोलायचं नव्हतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो थर्टीनच होता?"

"हो."

"आणि गन फ्रेंडची होती?"

"हो."

पुन्हा शांतता. मग, "आई, तुला वाटतं मला पण असं..."

खरं सांगते, या प्रश्नाचं उत्तर मी तयार करून आणलं नव्हतं. "छे रे, तुला कशाला" असं म्हणणं फार सोपं होतं. पण त्याने मला खरं विचारलं होतं. मी म्हटलं, "समोरच्या माणसाला तू बारकुडा माझा बाळ आहेस हे माहीत नसतं. त्याला हातातलं दिसतं आणि विचार करायला दोन सेकंदच असतात. म्हणून त्या दोन सेकंदांत तुझ्या हातात तसलं काही दिसायलाच नको."

सिग्नल हिरवा झाला. तो काही बोलला नाही. उतरताना मात्र पोहण्याची बॅग खांद्यावर टाकून म्हणाला, "ऑरेंज राहू दे." आणि पळाला. मी पार्किंगमध्ये दहा मिनिटं तशीच बसून होते.

असो.

विकत घेण्याआधी एकदा भाड्याने खेळून बघायचं असं ठरलं. (हा फंडा सगळ्यात महत्त्वाचा. मैदानावर बंदूक, मास्क, छर्रे सगळं भाड्याने मिळतं. मुलाला खेळ आवडतो की नुसती बंदूकच आवडते, ते एका दिवसात कळतं.) तासाभरावर, वाळून पिवळ्या झालेल्या टेकड्यांच्या कुशीत मैदान. ओकची झाडं, टायरचे ढीग, प्लायवूडच्या भिंती. नवऱ्याने गुडघ्याचं कारण काढून तंबूखाली चिवडा खाण्याची जबाबदारी घेतली. मग लेकाबरोबर उतरायचं कोणी? अस्मादिक!

आधी अर्धा तास नियम. मैदानात चष्मा एक क्षणही काढायचा नाही, काच धुकट झाली तरी नाही. मैदानाबाहेर येताना मॅगझिन काढायचं, जमिनीकडे मारून नळी रिकामी करायची आणि नळीवर कापडी टोपी चढवायची. प्रत्येक बंदूक यंत्रासमोर झाडून तिचा वेग मोजायचा. मी मनात म्हटलं, शाळेत इतकी शिस्त असती तर!

आणि शेवटचा नियम. छर्रा लागला की लागलेल्याने स्वतः हात वर करून "हिट!" म्हणून ओरडायचं, लाल फडकं डोक्यावर टाकायचं आणि बाहेर चालू लागायचं. पेंटबॉलसारखा इथे रंग लागत नाही, त्यामुळे लागलं की नाही हे फक्त ज्याला लागतं त्यालाच कळतं. अंपायर नाही, रिप्ले नाही. सगळा खेळ तेवढ्यावर उभा.

मला हसूच आलं. आमच्या वाड्यातल्या चोर-पोलीसमध्ये अर्धा वेळ याच भांडणात जायचा. "ढिश्क्यांव! तू मेलास!" "हॅट्, मला लागलीच नाही!" दादा आणि मी तर या विषयात पीएचडी होतो.

पहिल्या दोन डावांत मी दोन मिनिटांत बाद. तिसऱ्या डावात मात्र अंगात वारं शिरलं. टायरांच्या मागून सरपटत, प्लायवूडच्या आडोशाने, चांगली पंधरा मिनिटं खपून मी झेंड्यापासून वीस पावलांवर पोचले. चाळिशी उलटलेली बाई, गुडघ्याला माती, छातीत धडधड, काय विचारता! आणि तेवढ्यात डाव्या बाहीवर टप्प.

जाकीट सैल होतं. दुखलं काहीच नाही, नुसतं कापड हललं.

मी स्वतःला म्हटलं, फळीला लागून उडाला असेल. खरं काय ते मला माहीत होतं. मी हात वर केला नाही. उलट वाकून पुढच्या पिंपाआडच्या मुलावर नेम धरला आणि मारला. दहा-अकरा वर्षांचा असेल. त्याने लगेच हात वर केला, "हिट!" म्हणाला आणि माझ्या बाजूने बाहेर जाताना मास्कमधून म्हणाला, "नाइस शॉट!"

आम्ही तो डाव जिंकलो.

परतताना गाडीत नवरा पुढे, आम्ही दोघं मागे. मी जोरजोरात फुशारक्या मारत होते. लेक खिडकीबाहेर बघत होता. बऱ्याच वेळाने हळूच, बाबाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "आई, तुला लागलं होतं. स्लीव्हला. मी मागेच होतो."

काय बोलणार? "मला कळलंच नाही रे" हे वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. तेही खोटंच झालं असतं, म्हणजे दोनदा खोटं. मी म्हटलं, "हो. लागलं होतं."

"मग?"

"जिंकायचं होतं."

त्याने मान हलवली, जणू हे कारण त्याला ठाऊक होतं. चिडला नाही, हसला नाही. मला वाटतं, रागावला असता तर बरं झालं असतं.

दोन महिने मी या मुलाच्या हातात बंदूक द्यावी की नाही याचा अभ्यास करत होते. गिअर धातूचे की प्लास्टिकचे, बॅटरी किती व्होल्टची, सगळं तपासलं. स्वतःला तपासायचं मात्र राहूनच गेलं होतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. त्या छोट्याला शोधलं, तो आला नव्हता. प्रायश्चित्त म्हणून त्या दिवशी मी इतकी प्रामाणिक झाले की झाडावरून ओकचं फळ खांद्यावर पडलं तरी "हिट!" म्हणून ओरडले आणि बाहेर आले. लेक पोट धरून हसला. :-)

त्यानंतरच्या डावात मी कठड्यापाशी उभी राहून बघत होते. शेवटचे दोघं-तिघं उरले होते, त्यात आमचे चिरंजीव. एका पिंपाआड एकटे, जवळपास कोणी नाही. आपल्या बाजूचं कोणी बघत नाही, समोरचाही दिसत नाही. अचानक त्याने हात वर केला, लाल फडकं डोक्यावर टाकलं आणि शांतपणे चालत बाहेर आला. त्याचा संघ तिथेच हरला.

"कोणी मारलं?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण लागलं."

त्या रात्री मी ऑर्डर टाकली. (अठराच्या आतल्या मुलांना इथे ही विकत नाहीत, त्यामुळे खरेदी आईच्या नावावर.) मातकट रंगाची बॅटरीची बंदूक, रंग त्यानेच निवडला. नारिंगी टोक, कडी आणि पट्टे जिथल्या तिथे. चष्मा आणि जाळीचा मास्क सगळ्यात आधी आला, मुद्दामच. ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी, तिचा योग्य चार्जर आणि चार्जिंगसाठी आगीला न जुमानणारी पिशवी, कारण या बॅटऱ्या नीट वापरल्या नाहीत तर पेट घेतात. चार्जिंग चालू असताना समोर कोणीतरी बसायचं. मातीत विरघळणारे छर्रे, कारण आमच्या मैदानावर दुसरे चालत नाहीत. आणि पूर्ण झाकणारी साधी काळी बॅग, जिच्यात काय आहे ते बाहेरून कळू नये.

नियम आम्ही तिघांनी मिळून लिहिले आणि फ्रिजवर लावले. घर ते मैदान बंदूक बॅगेत आणि बॅग डिकीत. अंगणात नाही, मित्राला दाखवायला नाही, फोटोपुरतीही नाही. रंग काढायचा नाही. आणि कधीही, कुठेही, पोलीस दिसला आणि हातात ती असली तर काही समजावत बसायचं नाही, वळायचं नाही, हातातून टाकायची आणि हात मोकळे दाखवायचे. हा शेवटचा नियम नवऱ्याने लिहिला. लिहून झाल्यावर तो बराच वेळ पेनाचं टोपण शोधत होता. टोपण त्याच्या हातातच होतं.

माझी काळजी गेली का? नाही. जाणार पण नाही. पण मैदानावर लेक दोन तास पळून, घामेघूम होऊन, अनोळखी माणसांशी हात मिळवून येतो तेव्हा बरं वाटतं, हे मान्य करायलाच हवं. घरात आता "लागलं" हा शब्द रुळलाय. परवा जेवताना मी त्याच्या बाबाबद्दल जरा जास्तच बोलून गेले. बाबाने वरण वाढून घेता घेता शांतपणे हात वर केला. "हिट." विषय संपला. :-) सोफ्याखाली मात्र झाडू मारला की पांढरे दाणे निघतात. मागच्या एकादशीला साबुदाणा सांडला तेव्हा कुठला खायचा आणि कुठला मारायचा, हे ओळखायला चष्मा लावावा लागला.

दसऱ्याला आम्ही दरवर्षी शस्त्रपूजा म्हणून लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझी सुरी-विळी असं मांडतो. या वर्षी लेकाने विचारलं, "मी माझं ठेवू?" मी काही बोलायच्या आत तो खोलीतून घेऊन आला. बंदूक नाही. चष्मा. झेंडूच्या फुलांशेजारी नीट पुसून ठेवला.

व्हिडिओवर आजी होतीच. "हे काय रे ठेवलंयस?"

"आजी, हे डोळ्यांसाठी. नाहीतर खेळायला देत नाहीत."

"बरोबर आहे त्यांचं," आजी म्हणाली. "लाव मग हळदीकुंकू. पट्टीला लाव हो, काचेला नको. दिसायला हवं बाळाला."